तळ्यातली सरस्वती, म्हैसूरची इंदिरा : टोकियोच्या उएनोबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात टोकियोतल्या उएनो या जुन्या भागाचा मी ओझरता उल्लेख केला होता. तळ्याकाठी सरस्वती आहे आणि एकेकाळी तिथे आपली हत्तीण होती, एवढीच दोन वाक्यं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर उएनोलाच द्यायचं ठरवलं. नव्या वाचकांसाठी सांगतो : मी जळगावचा. एकतीस वर्षं अजिंठ्याला वाटाड्या होतो आणि त्यातली बरीच वर्षं जपानी पाहुण्यांना त्यांच्या भाषेत लेणी दाखवली. मुलगी-जावई नोकरीनिमित्त टोकियोला असल्याने दोनदा तिथे राहून आलो. त्यांचं घर उएनोपासून चालत पंधरा मिनिटांवर. रोज सकाळी नातवाला घेऊन मी त्या टेकडीवर असायचो.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही दोघं एप्रिलमध्ये सहलीबरोबर जपानला चाललो आहोत. छापील कार्यक्रमात ‘उएनो पार्क, ४५ मिनिटे’ असं आहे. तेवढा वेळ पुरेल का? – निवृत्त शिक्षक दांपत्य, धुळे

गुरुजी, नाही पुरणार. पंचेचाळीस मिनिटांत बसमधून उतरून, फोटो काढून परत चढणं होईल. किमान अर्धा दिवस मागून घ्या, आणि सोमवार टाळा. अजिंठ्यासारखीच उएनोची बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात.

जागा कशी आहे ते आधी समजून घ्या, म्हणजे पायांना दिशा मिळेल. मधे टेकडी, तिच्या पायथ्याशी तळं, दुसऱ्या अंगाला रेल्वे स्टेशन. १६२५ साली तेन्काई नावाच्या भिक्षूने तोकुगावा शोगुनांसाठी, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्यांसाठी, या टेकडीवर कानेइजी मंदिर उभारलं. शोगुनांचा किल्ला एदोत, म्हणजे आजच्याच टोकियोत, आणि टेकडी किल्ल्याच्या ईशान्येला. आपल्याकडे ईशान्य कोपरा देवघराचा. जपानमध्ये मात्र ईशान्येकडून संकट आत येतं अशी समजूत. त्या दिशेला ते ‘राक्षसाचं दार’ म्हणतात. म्हणून दारावर मंदिराचा पहारा बसवला. जुनी राजधानी क्योतो, तिच्या ईशान्येला हिएई डोंगरावर असंच मोठं मंदिर होतं. त्या डोंगराखाली बिवा सरोवर, सरोवरातल्या बेटावर देवी. तेन्काईने सगळी मांडणी इथे उतरवली : टेकडी झाली डोंगर, शिनोबाझू तळं झालं सरोवर, तळ्यात बेट करून त्यावर देवी बसवली. पंढरपूर लांब पडतं म्हणून आपल्याकडे गावोगाव प्रतिपंढरपूर उभं राहतं, तसंच हे.

पंधरा शोगुनांपैकी सहा जण कानेइजीतच विसावले आहेत. पुढे १८६८ मध्ये शोगुनशाही कोसळली. शोगुनांशी इमान राखणारे शोगिताई नावाचे सैनिक या टेकडीवर ठाण मांडून बसले. ४ जुलैला नव्या सरकारच्या तोफा चालल्या, एका दिवसात लढाई संपली आणि कानेइजीची मुख्य इमारत जळून गेली. ओसाड पडलेल्या टेकडीवर वैद्यकीय शाळा आणि इस्पितळ बांधायचा बेत होता. बाउदुइन नावाच्या डच डॉक्टरने जागा पाहिली आणि इथली झाडं राखा, लोकांसाठी बाग करा, असा आग्रह धरला. १८७३ मध्ये उएनो सार्वजनिक बाग झाली, जपानमधल्या अगदी पहिल्या बागांपैकी एक. त्या डॉक्टरचा अर्धपुतळा बागेत आहे. १९७३ मध्ये बसवलेला पहिला पुतळा चुकून त्याच्या भावाच्या फोटोवरून घडवला गेला होता. चूक कळल्यावर २००६ मध्ये खऱ्या डॉक्टरचा बसवला. इतक्या वर्षांनी का होईना, चूक कबूल करून नवा पुतळा घडवला, हे मला फार मोलाचं वाटतं.

आगीतून आणि पुढच्या भूकंप-बॉम्बहल्ल्यांतून वाचलेल्या वास्तू मोजक्याच आहेत. १६५१ चं सोनेरी तोशोगू देवस्थान, करुणेची बौद्ध देवता कान्नोन, तिचं १६३१ मध्ये बांधलेलं कियोमिझू देऊळ, आणि १६३९ चा पाच मजली पॅगोडा, जो आता प्राणीसंग्रहालयाच्या आवारात आहे. सहलवाल्यांनी वेळ वाढवून दिलाच नाही, तर बाकी सगळं सोडा आणि सरळ तळ्यातल्या देवीकडे जा.

प्रश्न : दादा, जपानमध्ये खरंच सरस्वती पुजतात का? की दिसायला तशी, म्हणून आपण म्हणायचं? – एक गृहिणी, अमळनेर

ताई, ती सरस्वतीच आहे. तिकडचं नाव बेन्झाइतेन. बौद्ध ग्रंथांबरोबर ती चीनमार्गे जपानला पोचली. सुवर्णप्रभास नावाच्या संस्कृत सूत्रात सरस्वतीचं आठ हातांचं, शस्त्रं घेतलेलं रूप आहे. उएनोची देवी तशीच अष्टभुजा. इतर ठिकाणी ती हातात बिवा घेऊन बसते. बिवा म्हणजे तंतुवाद्य, आपल्या वीणेच्या जागी. उएनोत देवळासमोर दगडी बिवा ठेवलेली आहे. सरस्वती मुळात नदी, म्हणून जपानमध्ये बेन्झाइतेनची देवळं पाण्याकाठी किंवा बेटावर सापडतात. वाणी आणि कला तिच्याकडे आहेतच, पण तिकडे लोक धनासाठीही तिला हात जोडतात.

उएनोचं मूळ देऊळ १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळालं, आताचं १९५८ चं. एरंडोलजवळ पद्मालयाला तुम्ही गेला असाल. गणपतीसमोरचं ते कमळांचं तळं आठवा आणि ते कितीतरी पटीने मोठं करा. जुलै-ऑगस्टमध्ये शिनोबाझूत पाणी दिसत नाही, पुरुषभर उंचीची कमळाची पानं आणि त्यावर गुलाबी फुलं. फुलं सकाळी लवकर उमलतात आणि दुपारपर्यंत मिटायला लागतात, म्हणून सातच्या आत जा.

देवळाभोवतीचे दगड मात्र चुकवू नका. एक दगड चष्म्यांच्या स्मरणार्थ, एक मारल्या गेलेल्या माशांच्या आणि एक चक्क स्वयंपाकाच्या सुऱ्यांच्या स्मरणार्थ. झिजून निकामी झालेल्या सुरीचे आचाऱ्यांनी मानलेले हे आभार. मी त्या दगडावर हात ठेवून बराच वेळ उभा होतो. खंडेनवमीला आमची आई विळी, कोयता, पाटा-वरवंटा धुऊन हळद-कुंकू लावायची. ज्याने आयुष्यभर पोट भरलं त्याला वर्षातून एकदा नमस्कार, एवढं साधं ते होतं. तिथे मला आईची विळी आठवली, मधे झिजून चंद्रकोरीसारखी झालेली.

प्रश्न : शुद्ध शाकाहारी माणसाचं उएनोत कसं होईल? – एक वाचक, पारोळा

सांभाळून. सूप, चटणी, नूडल्सचा रस्सा या सगळ्याच्या मुळाशी ‘दाशी’ असते आणि ती बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाची. वरून मासा दिसत नाही म्हणून फसू नका, विचारा. उमेबोशी या खारवलेल्या आंबट फळाचा भाताचा गोळा, भाजलेलं रताळं, फळं यांवर दिवस निघतो. भारतीय खानावळीही आहेत. शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या मात्र घरून न्याव्यात.

प्रश्न : काका, मी सहावीत आहे. इंदिरा हत्तीण जपानला कशी गेली? – एक विद्यार्थिनी, चोपडा

बाळा, तुझा प्रश्न मला सगळ्यात आवडला, पण उत्तराचा पहिला भाग दुःखाचा आहे. आई-बाबांजवळ बसून वाच.

उएनोचं प्राणीसंग्रहालय १८८२ चं, जपानमधलं सगळ्यात जुनं. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी तिथे तीन हत्ती होते : जॉन, टोंकी आणि वान्री. १९४३ मध्ये वरून हुकूम आला की बॉम्ब पडून पिंजरे फुटले तर जनावरं शहरात शिरतील, म्हणून धोकादायक प्राणी मारून टाका. हत्तींनी विष घातलेले बटाटे सोंडेने बाजूला टाकले. मग त्यांना उपाशी ठेवलं. माहूत समोर आले की काही मिळेल या आशेने ते शिकवलेल्या कसरती करून दाखवायचे. ४ सप्टेंबरला मारलेल्या प्राण्यांसाठी प्रार्थनासभा झाली, तेव्हा दोन हत्तिणी अजून जिवंत होत्या. टोंकी सगळ्यात शेवटी, २३ सप्टेंबरला गेली.

युद्ध संपलं. शहर राख झालेलं, मुलांना खायला धड नाही, पण उएनोच्या भागातल्या मुलांनी सभा घेतल्या आणि ठरवलं की आम्हाला हत्ती पाहिजे. आठशेच्या वर मुलांनी पत्रं लिहिली, चित्रं काढली. एका भारतीय व्यापाऱ्याच्या हाती ती पंडित नेहरूंकडे पोचली. नेहरूंनी म्हैसूरकडची पंधरा वर्षांची हत्तीण निवडली, तिला आपल्या मुलीचं नाव दिलं आणि १९४९ च्या सप्टेंबरात इंदिरा बोटीने टोकियोला पोचली. सोबत नेहरूंचं मुलांना पत्र होतं : हत्ती शहाणा, सोशिक, ताकदवान आणि तरीही मवाळ असतो, तसे आपण सगळे होऊ या, अशा आशयाचं. इंदिरेला आज्ञा कळायच्या त्या कन्नडमध्ये. तिच्याबरोबर गेलेल्या माहुतांकडून जपानी माहुतांनी ते शब्द शिकून घेतले. इंदिरा उएनोतच राहिली आणि १९८३ मध्ये वारली.

ही गोष्ट मला कोणी सांगितली ते ऐक. १९९८ च्या जानेवारीत एक जपानी बाई अजिंठ्याला आल्या होत्या. सतरा नंबरच्या लेण्यात मी त्यांना मातृपोषक जातक दाखवत होतो. त्यात राजाने पकडून आणलेला पांढरा हत्ती काही खातच नाही, कारण त्याची आंधळी आई रानात एकटी आहे. राजाला कळतं आणि तो हत्तीला सोडून देतो. मी नेहमीसारखं सांगत होतो, विजेरीचा मंद उजेड हत्तीच्या सोंडेवर धरला होता. बाईंनी माझा हात धरून विजेरी खाली करायला लावली. अंधारातच त्यांनी सांगितलं की आमच्या गावच्या हत्तींनाही खायला मिळालं नव्हतं, आणि कोणी सोडलं नाही. मग इंदिरेचं सांगितलं. ती आली तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी तिला पाहिलं आणि घरी येऊन आईला म्हणाल्या की तिच्या पापण्यांना केस आहेत. एवढंच आठवतं, म्हणाल्या. लेण्यातून बाहेर आल्यावर मी त्यांना माझ्या डब्यातलं केळं दिलं. ते न खाता त्यांनी रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवलं.

उएनोला गेल्यावर मी आधी हत्तींच्या आवारासमोर जाऊन उभा राहिलो, ते त्यांच्यासाठी.

प्रश्न : मुलगा बारावीला आहे. उएनोत परीक्षेचा देव आहे म्हणतात, तो कोणता? – एक पालक, रावेर

तो बुद्धाचा नुसता चेहरा आहे. १६३१ पासून इथे मोठी बुद्धमूर्ती होती. भूकंपांनी ती अनेकदा मोडली, १९२३ च्या महाभूकंपात डोकं गळून पडलं आणि पुढे युद्धात धातूसाठी धड नेलं. उरला तो चेहरा भिंतीवर बसवलाय. जपानीत परीक्षेत नापास होण्याला ‘पडणं’च म्हणतात, जसं आपण निवडणुकीत पडला म्हणतो. या बुद्धाला आता आणखी पडायला जागाच नाही, म्हणून पोरं त्याच्यापुढे पाट्या लिहून लावतात. मुलाला सांगा, नमस्कार इथूनही पोचतो.

प्रश्न : मी वास्तुरचना शिकतो. वास्तुकार ल कॉर्ब्युझिएची टोकियोतली इमारत उएनोत आहे ना? – एक विद्यार्थी, नंदुरबार

हो, पाश्चात्त्य कलेचं राष्ट्रीय संग्रहालय, १९५९ चं. मात्सुकाता नावाच्या जहाज-उद्योजकाने युरोपात चित्रं-शिल्पं विकत घेतली होती. युद्धानंतर त्यातली फ्रान्समध्ये राहिलेली फ्रेंच सरकारने ताब्यात घेतली. त्यातली बरीच परत देताना अट घातली की त्यांच्यासाठी संग्रहालय बांधा. ल कॉर्ब्युझिएने आराखडा केला, त्याच्या हाताखाली शिकलेल्या माएकावा, साकाकुरा आणि योशिझाका या तिघांनी तो प्रत्यक्षात आणला. समोरचं संगीत-नाट्यगृह माएकावांचंच, १९६१ चं. गुरू-शिष्याच्या इमारती समोरासमोर उभ्या आहेत, दोन्हींचं काँक्रीट जवळ जाऊन बघ. २०१६ मध्ये युनेस्कोने ल कॉर्ब्युझिएच्या १७ वास्तू एकत्र जागतिक वारसा म्हणून घेतल्या, त्यात ही आहे आणि चंडीगडचा कॅपिटॉल परिसरही. पण टोकियोला जायच्या आधी सुरतमार्गे अहमदाबाद गाठ. तिथलं संस्कार केंद्र त्याने याच कल्पनेवर रचलंय : मधून सुरू होऊन चौकोनी वेटोळ्याने बाहेर वाढत जाणारं संग्रहालय. ते बघून उएनोला गेलास तर दुप्पट कळेल.

प्रश्न : रेल्वेत छत्तीस वर्षं काढली. उएनो स्टेशनबद्दल लिहा. – एक निवृत्त गार्ड, भुसावळ

साहेब, उएनो म्हणजे टोकियोचं उत्तरेकडचं दार. स्टेशन १८८३ चं, आताची इमारत १९३२ ची. आशियातली पहिली भुयारी रेल्वेही ३० डिसेंबर १९२७ ला उएनो ते आसाकुसा अशी इथेच सुरू झाली, जेमतेम २.२ किलोमीटर. नारिता विमानतळावरून येणारी केइसेई कंपनीची गाडीही पाऊण तासात इथे सोडते.

मला भिडली ती युद्धानंतरची गोष्ट. उत्तरेकडच्या गरीब, बर्फाळ खेड्यांतून शाळा संपवलेली पंधरा वर्षांची पोरं खास गाड्यांनी झुंडीने इथे उतरवली जायची, कारखान्यांत आणि दुकानांत कामाला. मालक फलाटावर घ्यायला उभे. आपल्याकडची पोरं सुरतेला गेली, त्यांना हे सांगायला नको. स्टेशनात एका छोट्या कवितेची शिळा आहे. परगावी राहणारा माणूस आपल्या गावची बोली कानावर पडावी म्हणून मुद्दाम स्टेशनच्या गर्दीत जातो, एवढाच तिचा विषय. मुंबईत असताना मीही दादरला सेवाग्रामच्या वेळी असाच उभा राहायचो. ‘कथा चालनात भाऊ?’ एवढं अहिराणीत ऐकलं की घर गाठल्यासारखं व्हायचं.

स्टेशनातून बाहेर पडलात की रुळांच्या कडेने आणि खालून आमेयोकोचा बाजार लागतो. युद्धानंतरच्या काळ्या बाजारातून तो वाढला. ‘आमे’ म्हणजे गोळ्या-मिठाई, साखर नसताना ती इथे मिळायची. अमेरिकन सैन्याच्या मालावरूनही नाव पडलं असं सांगतात. संध्याकाळी मासळीवाल्यांची आरोळी ऐका, भाषा कळली नाही तरी भाव कळतो.

प्रश्न : मी अजिंठ्याला नवीन वाटाड्या आहे, जपानी शिकतोय. उएनोत आपल्या अजिंठ्याचं काही आहे का? – एक तरुण, फर्दापूर

भाऊ, तुला सगळंच सांगायला हवं.

टोकियो राष्ट्रीय संग्रहालय उएनोच्या टेकडीवर आहे, सुरुवात १८७२ ची. मोठ्या इमारतीकडे सगळे जातात. तू डावीकडे आत, पाण्याच्या उथळ हौदामागच्या होर्युजी दालनात जा. नारा भागातल्या होर्युजी मंदिराने १८७८ मध्ये तीनशेच्या वर वस्तू राजघराण्याला दिल्या, त्या इथे ठेवल्यात. तळमजल्यावर अंधार आणि त्यात वीतभर-हातभर उंचीच्या सोनेरी मुलाम्याच्या बुद्धमूर्ती, सहाव्या-सातव्या शतकांतल्या, प्रत्येक वेगळ्या काचेत, प्रत्येकीवर बेताचा उजेड. आपण विजेरी कशी धरतो, डोळ्यावर झोत न टाकता बाजूने, अगदी तसा. पहिल्यांदा शिरलो तेव्हा मला एक नंबरच्या लेण्यातच आल्यासारखं वाटलं. या संग्रहात ताडपत्रावरचं संस्कृत हृदयसूत्रही आहे. ते नेहमी मांडलेलं नसतं, विचारून घे.

होर्युजीच्या सुवर्णमंडपातली भित्तिचित्रं आपल्या पद्मपाणीशी नेहमी ताडून पाहिली जायची. २६ जानेवारी १९४९ ला तिथे आग लागली आणि ती करपली. तेव्हापासून तो दिवस जपानमध्ये जुन्या वास्तूंना आगीपासून वाचवण्याचा दिवस म्हणून पाळतात, ठिकठिकाणी पाण्याच्या नळ्या लावून सराव करतात. आपल्या अजिंठ्याचंही काही जपानमध्ये जळालं. आराई कान्पो नावाचा चित्रकार रवींद्रनाथांच्या बोलावण्यावरून भारतात आला, १९१७-१८ मध्ये त्याने अजिंठ्यात बसून चित्रांच्या नकला केल्या. त्या टोकियो विद्यापीठात होत्या, शिनोबाझू तळ्याच्या अगदी पलीकडे. १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत गेल्या. तळ्याकाठी बसलो की माझी नजर त्या बाजूला जायचीच. पाहुण्यांनी फ्लॅश मारला की मी ओरडायचो, तो याच धास्तीने. तूही ओरडत जा.

उएनोहून हिबिया मार्गाची भुयारी गाडी सरळ त्सुकिजीला जाते. तिथलं होंगानजी मंदिर इतो चुता या वास्तुकाराने १९३४ मध्ये बांधलं. तो त्याआधी भारत फिरून गेला होता. समोर उभा राहिलास की दर्शनी भागावर चैत्याची कमान दिसेल, आपल्या एकोणीस नंबरची बहीण म्हणावी अशी.

आणि शेवटी यानाका. उएनोच्या टेकडीला लागून असलेली जुनी वस्ती, देवळं आणि मोठी दफनभूमी. शेवटचा शोगुन तिथेच आहे. थडग्यांमागे उंच, अरुंद लाकडी फळ्या उभ्या असतात. त्यांना ‘सोतोबा’ म्हणतात. हा आपलाच ‘स्तूप’ शब्द. फळीच्या वरच्या टोकाला खाचा असतात आणि त्यांखाली काळ्या शाईत सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीतली अक्षरं, वरून खाली : ख, ह, र, व, अ. आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. नातवाचं बोट धरून मी एकेक अक्षर दाखवलं, ‘व’ त्याने आपणहून ओळखला. नव्या फळीवर शाई ओली असल्यासारखी चमकते, जुन्या फळीवरची पावसाने राखाडी झालेली असते. ती काढून कुटुंबातले लोक नवी लिहून आणतात.

तिथे फोटो काढू नकोस, मोठ्याने बोलू नकोस. लोक आपल्या माणसांना भेटायला आलेले असतात.